विलायतिणीचं चाक

भिवामामाने उजवा हात वर केला आणि मी जहाज डावीकडे घातलं.

दुपार कलायला लागली होती. दर्यावरचा वारा पाठीशी, ऊन पाठीशी, आणि समोर आमच्या खारेगड बंदराचं तोंड. किल्ल्याच्या तटावर माणसं दाटली होती. ढोल ऐकू येत होते. दोन दिवसांपूर्वी टोपीकरांच्या आरमारातलं हे तीन डोलकाठ्यांचं जहाज आम्ही लढून घेतलं होतं आणि ते बंदरात आणायचं काम माझ्या हाती होतं. मी तेव्हा एकवीस वर्षांचा. आरमारातला सगळ्यात चांगला सुकाणी अशी माझी ख्याती होती, आणि ती पसरवण्यात माझा स्वतःचा हातभार बराच होता.

जहाजाचं साहेबी नाव आमच्या कुणाच्या जिभेवर बसेना. आम्ही तिला विलायतीण म्हणू लागलो. पुढे सरकारातून चांगलं देवीचं नाव मिळालं, पण ते कागदावरच राहिलं.

बंदराच्या तोंडाशी डाव्या हाताला एक खडक आहे. त्याला आम्ही सासू म्हणतो. भरतीला दिसत नाही, पण असते. तिच्या उजव्या अंगाने जेमतेम एक जहाज जाईल एवढी वाट. म्हणून तांडेल नाळेवर, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकावर, उभा राहतो आणि हाताने खूण करतो. ज्या बाजूला हात, त्या बाजूला नाळ वळवायची. मामा तांडेल होता, आईचा सख्खा भाऊ, आणि त्याच्या खुणेवर मी पाच वर्षं डोळे झाकून जहाजं आणली होती.

पण ती आमची गुराबं. गुराबावर सुकाणूला दांडा असतो. नाळ उजवीकडे न्यायची तर दांडा डावीकडे रेटायचा. विलायतिणीला दांडा नव्हता, चाक होतं, आणि चाक नाळेच्याच बाजूला फिरवायचं होतं. मला हे ठाऊक होतं. दोन दिवस उघड्या दर्यावर मी प्रत्येक वेळी मनाशी घोकून चाक फिरवलं होतं. एखादी चूक झालीच तर तिथे विचारतो कोण? दर्या मोठा आहे.

सासूपाशी घोकायला वेळ नव्हता. मामाचा हात वर गेला आणि माझे हात त्यांच्या सवयीने डावीकडे गेले. नाळ डावीकडे सरकली. मामाने हात आणखी ताणला, तशी मी आणखी जोर लावला. पाण्याखाली खडकाचा काळा रंग दिसायला लागला आणि माझं डोकंच बंद पडलं. मी आणखी डावीकडे रेटत राहिलो.

तेवढ्यात कुणीतरी बाजूने मला असा धक्का दिला की मी फळ्यांवर आपटलो. तो एक कैदी होता. कमरेला दोरी बांधून सात खलाशी मधल्या डोलकाठीपाशी बसवले होते, त्यातला एक. पाणी द्यायला म्हणून त्याची दोरी सैल केली होती. त्याने दोन्ही हातांनी चाक धरलं आणि उजवीकडे भिरकावलं, पुन्हा पकडलं, पुन्हा भिरकावलं. खालून खरवडल्याचा आवाज आला. माझ्या दाढा शिवशिवल्या. मग आवाज थांबला आणि विलायतीण बंदरात शिरली.

तटावरच्या लोकांनी ओरडून बंदर डोक्यावर घेतलं. त्यांना वरून जहाज डौलात आल्यासारखंच दिसलं असणार.

इकडे पहारेकरी त्या कैद्यावर तुटून पडले. मामा नाळेवरून धावत आला.

"ह्येनी चाक धरल्यान, तांडेलानू," एक पहारेकरी धापा टाकत म्हणाला. "रवळूक ढकलल्यान. जहाज खडकार घालुक बघी होतो."

मामाने माझ्याकडे बघितलं. "तुका लागला नाय मा?"

मी मान हलवली. नाही.

"मगे काय झाला?"

ढोल वाजत होते. माझे सोबती माझ्याकडे बघत होते. मी सांगायला हवं होतं.  कैद्याच्या ओठातून रक्त येत होतं. तो माझ्याकडे बघत होता, पण त्या बघण्यात राग नव्हता, आणि तेच मला जास्त लागलं.

"बांधा त्येका," मामा म्हणाला.

त्या संध्याकाळी मला जेवण गेलं नाही. आईने माझ्या आवडीचं केलं होतं, आणि शेजारणी तिला विचारत होत्या, चाक म्हणजे नक्की कसं असतं गे? ती बिचारी हातवारे करून सांगत होती. पहारेकरी घरी सांगून गेला होता की परवा कारभारी पंतांपुढे चौकशी आहे, आणि धरलेलं जहाज फोडायला बघणाऱ्या कैद्याचे दोन्ही हात मनगटापासून तोडतात. आमच्या आरमाराचा तसा दंडकच होता.

सकाळी मी पेजेचा गडू घेऊन गोदीच्या कोठारात गेलो. पहारेकऱ्याने आत सोडलं. काल मला वाचवल्याबद्दल तो अजून स्वतःवर खूष होता.

कैदी भिंतीला टेकून बसला होता. चाळिशीचा असेल. गळ्यात काळ्या दोऱ्यात लाकडी क्रूस.

"तुजं नाव रवळू," तो म्हणाला. "काल सगळे ओरडत होते. मी पास्कू. माहीमचा."

मी गडू पुढे केला. त्याने अर्धी पेज एका दमात प्यायली.

"तुजे हात दांड्याचे," तो म्हणाला. "माजे पन होते. बापाच्या होडीवर शिकलेलो. टोपीकरानं पयल्यांदा चाकावर उभा केला, तवा मी गोदीची भिंत ठोकली. साहेब टोपी फेकून नाचला. सा वर्सं झाली. आता हात सुधारले."

मला हसू यायला हवं होतं. मी म्हटलं, "उद्या पंतांफुडे मी खरा सांगतलंय. तू जहाज वाचवलंस म्हणान."

त्याचा गडू धरलेला हात थांबला.

"तसं बोलू नको."

"कित्या?"

"नको बोललो ना. मी जहाज फोडाय गेलतो. तू मला अडवलास. बस."

"अरे, हात तोडतले तुजे."

"माजे हात हायेत. तू कशाला रडतस?" त्याने उरलेली पेज संपवली आणि गडू माझ्याकडे सरकवला. "तू मोठा सुकाणी होशील. चाक शिक. आनि गप रा."

मी बाहेर आलो. खरं सांगायचं तर माझ्या मनावरचं ओझं उतरलं होतं. वाटलं, हा देवमाणूस आहे, माझ्यासाठी स्वतःवर घेतोय, त्याची मर्जी आपण का मोडावी? असा विचार करत मी गोदीच्या टोकापर्यंत गेलो. विलायतीण नांगरावर उभी होती. तिच्या अंगावर खडकाने काढलेला लांब पांढरा ओरखडा पाण्याच्या जरा खाली दिसत होता. सुतार होडीतून जाऊन तो हाताने चाचपत होते. मला तिथे उभं राहवेना.

दुसऱ्या दिवशी पंतांची कचेरी भरली. विश्वनाथपंत आरमाराचे कारभारी होते. बारीक, खोकणारे, दर्याला घाबरणारे. होडीत पाय ठेवायची वेळ आली की त्यांचा चेहरा उतरायचा, आणि यावरून आम्ही खलाशी त्यांची खूप टवाळी करायचो. सहा-सात माणसं होती. मामा दाराशी उभा होता.

पहारेकऱ्याने सांगितलं. पंतांनी लिहून घेतलं. मग त्यांनी पास्कूकडे बघितलं.

"चाकाला हात का लावलास?"

"जहाज फोडाया, पंत."

"फोडलं नाहीस मग?"

"या पोरानं अडवला."

पंतांनी लेखणी दौतीत बुडवली. "रवळू तारी, तू अडवलंस?"

मी 'होय' म्हणायला तोंड उघडलं. पास्कूचे बांधलेले हात माझ्यासमोर होते. काळे, जाड, बोटांना जुने घट्टे. माझ्याच हातांसारखे.

"नाय, पंत," मी म्हटलं. "तो खोटा बोलता. चूक माजी. माका वाटला दांडोच असा. मी जहाज सासूर घालतय होतंय. त्येनी वाचवल्यान."

 पास्कूचा चेहरा लाल झाला.

"पंत, पोर दयेनं बोलतो," तो घाईघाईने म्हणाला. "मला वाचवाय बगतो. त्याचं लिहू नका."

पंत खोकले. दोघेही स्वतःविरुद्धच साक्ष देतात, अशी चौकशी त्यांनी याआधी केली नसावी. त्यांनी दाराकडे बघितलं. "तांडेल, तुम्ही नाळेवर होता. तुमचं काय म्हणणं?"

 मामा दोन पावलं पुढे आला, आणि एकदम दर्यावरची हाळी देऊन त्याने उजवा हात वर फेकला.

माझे दोन्ही हात रिकाम्या हवेत डावीकडे गेले.

मी त्यांना मागे घेतलं, पण तोवर सगळ्या कचेरीने बघितलं होतं. पाच वर्षांची सवय. माझे कान तापले. पहारेकऱ्याचं तोंड उघडंच राहिलं.

पण मला आठवतो तो पास्कू. तो सुटला होता. हात वाचले होते. आणि तो मटकन खाली बसला आणि गुडघ्यांत डोकं घालून रडायला लागला.

पंतांनी लेखणी खाली ठेवली. मामा, मी आणि पास्कू सोडून सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं. दार लावून घेतलं.

"सुटका ऐकून रडणारा कैदी मी पहिल्यांदा पाहतोय," ते हळू म्हणाले. "घरी कोण आहे तुझ्या?"

"बायको," पास्कू म्हणाला. "दोन पोरी. धाकटी अजून चालत नाय."

"राहतात कुठे?"

"गोदीजवळ. टोपीकरानं दिलेल्या जागेत."

पंतांनी मान डोलावली. मला अजून काही उमगलं नव्हतं. ते माझ्याकडे वळले. "रवळू, कैद्यांची अदलाबदल होते तेव्हा टोपीकरांची माणसं आधी इथे येऊन बसतात, चौकश्यांचे कागद वाचतात, खारेगडात कोण काय बोललं ते बंदरावर विचारतात. टोपीकरांचं जहाज आपल्या बंदरात सुखरूप आणून देणारा त्यांचा सुकाणी परत मुंबईला गेला, तर त्याचं काय होईल?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. पास्कू माझ्यासाठी खोटं बोलत नव्हता. तो हात देऊन गळा वाचवत होता, आणि त्या गळ्यावर घरची तीन माणसं लटकत होती. मी मात्र भरल्या कचेरीत मोठ्या तोऱ्यात खरं बोलून त्याच्या मानेत फास अडकवला होता.

"मगे वाचवलंस कित्या जहाज?" मी विचारलं. माझा आवाज मलाच ओळखू येईना.

पास्कूने नाक पुसलं. "तिला मी सा वर्सं चालवलंय. सगळे बोलतात, ती तुमची का आमची. मला काय माहीत. ती खडकावर जाताना बगून हात गेले. तुजे गेले तसेच."

बराच वेळ पंत खोकतच राहिले. मग त्यांनी लिहिलेला कागद उभा फाडला, नवा घेतला आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचत गेले. कैदी पास्कू माहीमकर याने जहाज खडकावर घालण्याचा प्रयत्न केला. सुकाणी रवळू तारी याने मोठ्या शर्थीने त्यास आवरिले व जहाज बंदरी आणिले. सुकाण्याने दयेपोटी कैद्याची तरफदारी केली, ती मानली नाही.

"म्हंजे हात जातले त्येचे," मामा म्हणाला.

"दंडक तसाच आहे," पंत म्हणाले. "पण हात तोडण्याचा हुकूम खुद्द सरकारांच्या सहीने यावा लागतो. मी आजच पत्र लिहितो. जायला आठ दिवस, यायला आठ दिवस. अदलाबदलीचं गलबत परवा सुटतं. कैदी यादीतून वगळायचा राहून गेला, तर ती माझ्या कचेरीची गफलत. मी म्हातारा झालोय, होतं असं." त्यांनी कागदावर वाळू टाकली. "इथे जे दिसलं ते कुणी बाहेर बोलणार नाही, तशी सगळ्यांना ताकीद देतो. आणि रवळू, तुला पागोटं मिळेल. घ्यावं लागेल."

दर्याला घाबरणाऱ्या त्या माणसाची मी पुन्हा कधी टवाळी केली नाही, कुणाला करूही दिली नाही.

बाहेर आल्यावर मामाने मला गोदीच्या भिंतीआड नेलं आणि एक सणसणीत ठेवून दिली.

"मी नाळेर उभो होतंय," तो म्हणाला. "जहाज कोणी फिरवल्यान ह्या माका दिसूक नाय असा वाटला तुका? दोन दिवस वाट बघी होतंय, माज्या बहिणीचो झिल तोंड उघडता काय ता." मग त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "उघडलंस. बरा केलंस. आता चल, चाक शिक."

त्याने पंतांकडून परवानगी काढली होती. कैद्याकडून जहाजाची जोडणी समजून घ्यायची म्हणून. नांगरावर उभ्या विलायतिणीवर, दोन पहारेकऱ्यांच्या देखत, पास्कूने मला दिवस मावळेपर्यंत चाकाशी उभं केलं. सुकाणू पाण्यात इकडून तिकडे फिरत होतं, जहाज जागचं हलत नव्हतं, आणि मामा नाळेवरून हात करून करून थकला.

"हाताकडं बगू नको," पास्कू म्हणायचा. "नाळ न्यायची तिकडं छाती कर. छाती जाईल तिकडं हात येतात. परत. परत. अरे देवा, परत."

शेवटी दहाला दहा वेळा हात बरोबर गेले. तेव्हा तो नुसता हुंकारला आणि पाणी मागितलं. मी त्याच्या पाया पडलो. पहारेकऱ्यांना वाटलं, मी काहीतरी खाली पडलेलं उचलतोय.

पागोट्याचा समारंभ दोन दिवसांनी, गलबत सुटायच्या दिवशी झाला. माझ्या चुकीबद्दल माझ्या डोक्यावर जरीचं पागोटं चढलं. आई डोळे पुसत होती. गलबताकडे निघालेल्या कैद्यांच्या रांगेत पास्कू खाली मान घालून उभा होता आणि त्याचे खांदे गदगद हलत होते. लोक म्हणाले, बघा, आता पस्तावतोय. मी जवळून बघितलं होतं. तो हसत होता.

ती भेट शेवटची.

विलायतीण नऊ वर्षं आमच्याकडे राहिली. ती नऊ वर्षं चाकावर मी होतो. वादळात, लढाईत, सासूच्या अंगावरून किती वेळा आत-बाहेर केली त्याला गणती नाही. लग्न झालं, मुलं झाली, मामा गेला, तांडेलकी माझ्याकडे आली, तरी बंदरात शिरताना चाक मी दुसऱ्याच्या हाती दिलं नाही.

मग एका सकाळी टोपीकरांच्या चार जहाजांनी आम्हाला उघड्यावर गाठलं. आमची मधली डोलकाठी तुटली, दारूगोळा संपला, आणि विलायतीण पुन्हा त्यांची झाली. आम्ही अडतीस जण कैद होऊन मुंबईला गेलो.

मुंबईच्या तुरुंगातून सुटून आलेली आमची माणसं एक गोष्ट सांगायची. तिथे पहिल्याच दिवशी एक बाई येते, खारेगडच्या कैद्यांना मासे-भात वाढते आणि जाते. कोण, कशासाठी, ठाऊक नाही. आम्ही म्हणायचो, काहीतरी नवस असेल. आम्ही गेलो त्या दिवशी दुपारी ती खरंच आली. वीस-बावीसची, कडेवर पोर, डोक्यावर टोपलं. पहारेकरी तिला ओळखत होते. तिने अंगणात आम्हाला रांगेत बसवलं आणि वाढत आली.

विलायतीण परत आल्याचं तिच्या कानावर गेलं असावं, म्हणून या वेळी प्रत्येकाचं वाढून झालं की ती एकच विचारत होती. "तुज्या गावाचा रवळू सुकाणी कसा हाय? जित्ता हाय ना?"

आमची माणसं माझ्याकडे बघायची आणि गप्प राहायची. शत्रूच्या गावात आपल्या तांडेलाचं नाव कोण सांगेल? ती माझ्यापाशी आली. केळीच्या पानावर भात घातला, वर बांगड्याचं कालवण.

"तू कोणाची?" मी विचारलं.

"पास्कूची. मोठी." तिने पोर दुसऱ्या कडेवर घेतलं. "बाप दोन वर्सं झाली, गेला. घरात, आपल्या खाटेवर गेला. शेवटपर्यंत चाकावर होता. सांगायचा, खारेगडला एका पोरानं गप रायचं, तर तो भर कचेरीत खरं बोलला. एवढं खरं बोलला, की मी मरता मरता वाचलो. हसायचा लई. मग बोलायचा, तिकडचा मानूस धरून आनला की पयला त्याला जेवाय घाल. आज ना उद्या तो पन येईल."

"नऊ वर्सां?" मी म्हटलं.

"आई घालायची. आता मी घालते." ती वाट बघत उभी राहिली. "सांग की. जित्ता हाय ना तो?"

 भिंतीपलीकडे गोदीत विलायतिणीवर नवी डोलकाठी चढवत होते, हातोड्यांचे घाव ऐकू येत होते. मी तिला माझे दोन्ही हात दाखवले, का ते मला आजही सांगता येणार नाही, आणि म्हटलं, "मीच तो."

तिने माझ्याकडे बघितलं.  मग पदराने डोळे पुसले, खाली बसली आणि माझ्या पानावर आणखी एक बांगडा वाढला.

"जेव आधी," ती म्हणाली.